ताईचं मशीन

देशाच्या तिजोरीत परदेशी चलन उरलं नाही, असं बातम्यांत सांगायला लागले, तेव्हा मिस्त्रीला वाटलं, असेल बुवा, मोठ्यांच्या गोष्टी. पण कसलं काय! सरकारी दवाखान्यातली डायलिसिसची मशीनं सांभाळणं हे त्याचं काम, आणि त्यांचा एकेक सुटा भाग बाहेरून यायचा. तो यायचाच बंद झाला. मग त्याने केलं ते अशा वेळी कुठलाही मिस्त्री करतो तेच. एक मशीन उघडायचं आणि त्याच्या जिवावर बाकीची चालवायची.

खिडकीजवळच्या मशीनवर त्याची थोरली बहीण यायची. आईमागे हिनेच त्याला वाढवलेलं. "आमच्या पठ्ठ्याच्या हातचं मशीन आहे, मला काय धाड भरलीय?" असं ती शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना ऐकवायची. आणि पठ्ठ्या काय करायचा, तर हाती लागेल तो धड भाग गुपचूप ताईच्या मशीनला बसवायचा, झिजलेला दुसऱ्यांच्या. चुकलंच त्याचं. पण आपलं ते आपलं, कोणाला सुटलंय?

हेच अंगाशी आलं. झिजलेल्या भागांची दोन मशीनं एका आठवड्यात बंद पडली. मास्तरांच्या मशीनला पंप हवा, दुसऱ्याला हीटर, आणि दोन्ही धड उरले होते फक्त खिडकीजवळ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की तो "बघतो, बघतो" म्हणून टाळायचा. ताईने मात्र त्याचं तोंड बघूनच ओळखलं.

"माझं उघड," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? मग तू कुठे जाशील?"

"सगळ्यांच्या पाळ्या थोड्या थोड्या कमी करा, त्यात मला बसवा."

"तुला नाही झेपायचं, ताई."

"मास्तरांची पोर अजून शाळेत आहे. माझं काय, तुझं लग्न लावलं आणि सुटले." ती हसली. "लहानपणी घरातली घड्याळं उघडायचास, तेव्हा विचारत होतास का मला?"

त्याने उघडलं. दोन्ही मशीनं सुरू झाली, आणि ताई रांगेत गेली. पाळ्या लांबल्या तसे तिचे पाय सुजले, मग चेहरा, मग जिना चढताना दम लागायला लागला. विचारलं तर "बरी आहे की" म्हणायची. एका दुपारी बाकावर पाळीची वाट बघता बघता तिने त्याच्या खांद्यावर मान टाकली, ती पुन्हा उचलली नाही.

देश काय, काही वर्षांत हळूहळू उठला. लोकांनी पोटाला चिमटे काढले, लेकीसुना परक्या मुलखात राबायला गेल्या, आणि शेवटी नवी मशीनं आली. मोठे साहेब भाषणात म्हणाले, आपण सगळे तरलो. सगळे म्हणे! म्हणायला काय जातं?

भाषण संपल्यावर मास्तर आले. मिस्त्रीचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमच्यामुळे जगलो हो. पोरीचं लग्न ठरलंय."

मिस्त्री हसला. पण मनात त्याला त्या भल्या माणसाचा राग आला, नुसता जिवंत असल्याचा. तुम्ही का, आणि ती का नाही? स्वतःची लाज वाटली, तरी राग गेला नाही. त्याने नवं मशीन सुरू केलं, पंपाला कान लावला.

"झोपा, मास्तर," तो म्हणाला. "मशीन चांगलं आहे."