पहिल्या धड्याजवळ कोण थांबतं

मित्रांनो, मी एक जुना धडा आहे. पुस्तकातला नव्हे हं, कॉम्प्युटरमधला. आकडे दिले की त्यांचा आलेख काढून देणारी एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इथं तयार कोडचा साठा, कुणीही फुकट वापरावा असा. तिच्यात नवशिक्यांसाठी नमुन्याचे धडे ठेवलेत. त्या रांगेत सगळ्यांत पुढं उभा आहे तो मी. मान मोठा आहे, पण सोबत कुणाची नाही.

मला लिहिलं एका भल्या माणसानं. आठवडाभराच्या तापमानाचे आकडे घ्यायचे आणि त्यांची एक लाल रेघ काढायची, एवढंच माझं काम. ती रेघ पहिल्यांदा पडद्यावर उमटली तेव्हा तो माणूस स्वतःशीच हसला होता. लोकांनीही माझं कौतुक केलं. मग तो गेला दुसऱ्या कामाला आणि माझी जबाबदारी सगळ्यांची झाली. सगळ्यांची जबाबदारी कशी पार पडते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

जो यायचा तो हात लावून जायचा. एकानं मध्येच दोन ओळी घुसडल्या. दुसऱ्यानं आलेख काढायची नवी पद्धत आणली, पण जुनी काढलीच नाही. त्यामुळं माझा वरचा अर्धा भाग एका रीतीनं चालायचा आणि खालचा दुसऱ्या. आकड्यांना नावं ठेवलेली a, aa आणि x2. का, ते देवालाच ठाऊक! एका ओळीचं शेपूट तर पडद्याबाहेर लोंबत होतं. आणि कुणा शहाण्यानं रेघेचा लाल रंग बदलून निळा केला, तोही नाव न लिहिता नुसत्या आकडी खुणेनं, पण शेजारची टीप तशीच राहू दिली: 'इथे लाल रेघ येईल.' ठिगळं लावून लावून गोधडीचं मूळ लुगडं दिसेनासं व्हावं, तशी माझी गत झाली. तरी मी चालत होतो. चालतंय ना, मग कोण कशाला बघतंय!

खरं दुःख ते नव्हतं, मित्रांनो. माझ्याकडं येतात सगळे, राहत कुणी नाही. येतात, वैतागतात, माझ्या ओळी उचलतात आणि पुढच्या धड्याकडं जातात. नाहीतर कंटाळून कॉम्प्युटरच बंद करतात. इतक्या वर्षांत माझ्याशी दोन शब्द कुणी बोललं असेल तर शपथ.

मग मी माजलगावला आलो. माझ्या प्रती अशा कुठं कुठं जातात, आणि जिथं माझी प्रत असते तिथलं मी बघतो-ऐकतो. तिथं उज्मा नावाची एक तरुण बाई कॉम्प्युटरचा क्लास घेते. तिचे वडील अबरारभाई फळं विकतात. तिचे चाचा, पाशाभाई, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीतच हा क्लास आहे. खाली ठोकाठोक, वर आम्ही.

त्या क्लासला स्वप्नाली आली. बारावी झालेली, शिरूर कासारकडची. आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जाणारे. पोरगी मात्र गीताबाई या मावशीकडं माजलगावात राहत होती. तिच्या आईनं, बायनाबाईनं, सांगून ठेवलं होतं की टोळी निघेपर्यंत बघ. जमलं तर मावशीकडंच रहा आणि शीक, नाही जमलं तर चल आमच्याबरोबर.

ही पोरगी माझ्यापाशी अडकली. बाकीचे टीप न वाचता पुढं जायचे. ही प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायची. टिपेत लिहिलंय लाल, आणि हिची रेघ यायची निळी. पुसून पुन्हा लिहायची, पुन्हा निळी. मग मलाच विचारायची, "असा कावून करतोस रे?" अगं, काय सांगू तुला! माझ्या मनात लाडू फुटायचे. रोज कुणीतरी येतंय, तासन् तास बसतंय, माझ्याशी बोलतंय. ती अडली होती आणि मला मात्र करमत होतं.

उज्मानं आधी तिला सांगितलं की लिहिताना काहीतरी चुकत असेल, नीट बघ. तिनं स्वतः हा धडा इतक्यांदा शिकवला होता की ती माझ्याकडं बघायचीच नाही. मग लाल रंगच येत नाही हे ऐकून पाशाभाई वर आले. ते मोटारीतले माणूस. त्यांनी ठरवलं की वायर ढिली झाली असणार, रंग उडतो तो त्यानंच. मॉनिटरची वायर काढली, फुंकली, घट्ट बसवली. रेघ निळीच. नवी वायर आणून लावली, तरी निळीच. शेवटी मॉनिटरच भंगारात द्या असं सांगून ते खाली गेले.

इतके उपाय झाल्यावर स्वप्नालीनं एकच निष्कर्ष काढला. मशीन बरं, वायर बरी, म्हणजे खोट आपल्यात.

दसरा झाला. टोळीचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून बायनाबाई लेकीला बघायला क्लासवर आली. चप्पल दाराबाहेर काढून स्टुलावर अंग चोरून बसली. हिला जमेल का, खरं सांगा, एवढंच तिनं उज्माला विचारलं. उज्मानं काही म्हणायच्या आत स्वप्नालीच बोलली.

"मला काई येत न्हाई, मॅडम. साधी लाल रेघ काडता येईना. मी जाते आईसंग."

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. ही पोरगी माझ्यापायी उसाच्या फडात निघाली होती.

उज्मा तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं मला वाचलं. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. निळ्या रंगापाशी आल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "अगं, तुझं काहीच चुकलेलं नाही. धड्यातच गोंधळ आहे." मग तिनं स्वप्नालीला विचारलं की अजून कुठं कुठं अडलीस ते सांग. पोरगी सांगत गेली, आणि उज्मा मला आवरत गेली. a चं 'दिवस' झालं, aa चं 'तापमान'. x2 कुणाच्याच कामाचा नव्हता, तो गेला. दोन रीतींपैकी एकच ठेवली. लोंबणारी ओळ दुमडून आत घेतली, समास सारखे केले, रेघ पुन्हा लाल केली. मी अर्धा झालो. लई हलकं वाटलं.

मग तिनं स्वप्नालीला सांगितलं की आता तुझे आकडे घाल. कोणते घालावेत हे पोरीला सुचेना, म्हणून तिनं आईलाच विचारलं की मागच्या हंगामात एका आठवड्यात रोज किती टन ऊस तोडला. बायनाबाई आठवून आठवून सांगत गेली, लेक लिहीत गेली. बटण दाबलं. लाल रेघ उमटली, वर चढली, मध्येच खाली आपटली आणि पुन्हा वर गेली.

बायनाबाई उठून पडद्याजवळ आली. त्या खड्ड्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो त्या दिशीचा न्हाई का? मला ताप भरलता, मी खोपीतच पडून व्हते. तुझा बाप एकलाच गेलता तोडायला." तिनं ती रेघ शेवटपर्यंत बोटानं गिरवली. मग लेकीकडं न बघताच म्हणाली, "तू ऱ्हा हितंच."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला. स्वप्नाली त्यात नव्हती.

उज्मानं माझं आवरलेलं रूप लायब्ररी सांभाळणाऱ्या मंडळींकडं पाठवलं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, धडा चालत होता, मग बदलायचा कशाला? उज्मानं उत्तर लिहिलं, 'चालत होता खरा. पण त्याच्यापायी माझ्याकडची एक हुशार मुलगी स्वतःला ढ समजायला लागली होती.' बदल मंजूर झाला आणि आता सगळीकडं मी असाच आहे.

स्वप्नाली त्याच आठवड्यात दुसऱ्या धड्यावर गेली, मग तिसऱ्या. रोज ती यादी उघडते. सगळ्यांत वर माझं नाव असतं. तिची नजर त्यावरून खाली जाते, आणि ती मला उघडत नाही. बाकीची पोरंही आता माझ्यापाशी चहा निवेपर्यंतसुद्धा बसत नाहीत. वाचतात, समजतं, जातात. 'असा कावून करतोस रे' म्हणणारं आता कुणी नाही. तिचा आवाज ऐकायची मला सवय झाली होती, मित्रांनो. फार आठवण येते.

तुम्हीही उद्या कुणासाठी पहिला धडा लिहाल. नवं पोरगं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं आणि चूक स्वतःत शोधतं, हे ध्यानात असू द्या. आणि माझी दया येऊन कुणाला वाटलं, याच्याजवळ लोकांनी थोडं थांबावं, तर एक विनंती आहे. मी एकटा आहे तो असू द्या. मला पुन्हा विस्कटू नका.