माझे उरलेले बोल्ट

मित्रांनो, भाईंदरच्या एका रंगाच्या कारखान्यात भिंतीवर बसवलेली मी जुनी लोखंडी पेटी. आता अंगणातल्या भंगारात पडून आहे. आमच्या शेडमध्ये थिनरची वाफ कोंडलेली असायची, तिथे एक ठिणगीसुद्धा महागात पडते. म्हणून टाक्यांवरून येणाऱ्या साऱ्या वायरी माझ्या पोटात जोडलेल्या होत्या. आत भडका उडाला तरी ज्वाळा बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. त्यासाठी मला जाडजूड झाकण होतं आणि त्याला चहूबाजूंनी बोल्ट होते. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

पण प्रत्येक टाकीची, प्रत्येक झडपेची वायर वेगळी. रोज एखादी रुसायची आणि पराग फिटर झाकण उघडून कपाळाला हात लावायचा. शेवटी मालकांनी नवी पद्धत आणली. सगळ्यांचे निरोप एकाच केबलमधून जाणार होते. केबल आली आणि स्टोअरमध्ये पडून राहिली, कारण ती बसवायला कारखाना बंद ठेवावा लागणार होता.

तेव्हापासून माझी किंमत गेली. पराग दोनच बोल्ट पिळायचा, बाकीचे माझ्या डोक्यावर ठेवून द्यायचा.

मुर्ध्याहून येणाऱ्या सुगंधामावशी शेजारीच पिंपं भरायच्या. त्यांनी ते पाहिलं.

"पराग, सगले बोल्ट लाव ना रं. वास किती हाय बघ!"

"मावशी, टेन्शन नका घेऊ. पुढच्या आठवड्यात ही निघतेय. नवीन सिस्टिम येतेय ना!"

त्याआधीच माझ्या पोटात एक वायर निसटली. ठिणगी पडली, भडका उडाला. मी जिवाच्या आकांताने झाकण धरलं, पण दोन बोल्टांचा जोर तो कितीसा! फटीतून ज्वाळा निघाली. दारं उघडी होती आणि मावशींनी पिंप नुकतंच बंद केलं होतं म्हणून शेड वाचली. मावशींचे हात मात्र भाजले. ते मला आजही सलतं.

मग कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागलाच, आणि केबलही बसली. माझ्या जागी छोटी नवी पेटी आली आणि मी अंगणात.

पुढे एकदा मावशी अंगणात आल्या. त्यांची बोटं आता नीट मिटत नाहीत. पराग मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, माफ करा."

"नव्या पेटीला तरी सगले लावलेस ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तरीही पाना घेऊन तो एकेक बोल्ट तपासायला पुन्हा आत गेला.

मित्रांनो, उद्या काढून टाकायची वस्तूसुद्धा आज कुणालातरी सांभाळत असते. निघेपर्यंत तिला सांभाळा.