आंबट सोडलेला माणूस

दगडाबाई गेली, तेव्हा तेराव्याला तात्यासाहेबांनी आंबट सोडलं. घरातली रीतच होती, गेलेल्या माणसाच्या आवडीची एक चीज वर्षभर खायची नाही. दगडाबाईला लिंबू, आवळा, कैरी लई प्रिय. भावकी म्हणाली, नवरा असावा तर असा.

पाचव्या महिन्यात त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शहागंजातल्या त्यांच्या शिंप्याच्या दुकानात शिलाई मशीनचा स्टँड नडगीला लागला, ती जखम महिना झाला तरी भरेना. वर गुडघ्यावरचा तीस वर्षांचा जुना व्रण उसवला. साखर तपासली, ती ठीक निघाली. तात्यासाहेबांनी मनातल्या मनात स्वतःचा दहावासुद्धा उरकून टाकला.

मग मुलगी तनुजा डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन आली. ती कॉलेजात जीवरसायन शिकवायची, आणि बापाला विद्यार्थ्यांपेक्षा कमीच मान द्यायची.

"तात्या, स्कर्व्ही झालाय तुम्हाला. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा. तुम्ही समुद्र न बघता चहा-टोस्टवर करून दाखवला."

"मला कळंल असं बोल."

"कातडी, हिरड्या, सगळं कोलाजेनच्या दोरानं बांधलेलं असतं. तीन पदरी दोर. त्याचा पीळ टिकावा म्हणून पदरांवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी टाचावी लागते. टाचणारं एक एन्झाइम असतं, तुमची बटण लावायची मशीन समजा. तिच्यात लोखंडाचा एक अणू असतो. काम करता करता तो गंजतो. क जीवनसत्त्व तो गंज काढतं."

"आन् ते आंबटात."

"पेरूत, कोबीतही असतं. पण तुम्ही कुठं काय शिजवता?"

"गंजलेल्या मशीनला नेम सांगून उपयोग नाय," तात्यासाहेब म्हणाले. धंद्यातलं त्यांना कळत होतं. "पर सात महिने राहिलेत. गोळी दे."

तिनं गोळ्यांची पट्टी पुढं ठेवली. "ही गिळा. नेमही राहील, दातही राहतील."

त्यांनी पट्टी उचलली नाही.

"काय झालं?"

"मला आंबट कधीच आवडलं नाय. तुझी आई वरणात लिंबू पिळायची, मी रोज भांडायचो. तेराव्याला सगळे तोंडाकडं बघत होते. सोपं दिसलं ते सोडलं."

तनुजाला हसू आवरेना. "म्हणजे पाच महिने तुम्ही आईच्या नावानं मजा केली."

"व्हय. आन् भावकीनं पाठ थोपटली."

"मग आता?"

"लिंबू काप."

"तात्या, गोळीनं भागतंय. जबरदस्ती नाही. भावकीला काय सांगणार?"

"सांगन, सोडणं चुकलं. आता वर्षभर खाणार."

तनुजानं कापलेली फोड त्यांनी वरणभातावर पिळली आणि पहिला घास घेतला. फुटलेल्या हिरड्यांना असा चटका बसला, की डोळे गच्च मिटले.

"ही बाई रोज हे खायची," ते म्हणाले, "आन् वर मलाच खडूस म्हणायची."

त्यांनी ताट पुढं ओढलं आणि उरलेलं लिंबूही पिळलं.