मेलेलं पाणी

मित्रांनो, मी आहे दूध सोसायटीतला एक जुना टाइपरायटर. नांदूरघाटजवळच्या एका गावात, लोखंडी कपाटात माझं म्हातारपण चाललं आहे. मला घडवणाऱ्यांनी मराठीची सगळी अक्षरं माझ्या पोटात बसवली, पण स्वतःहून बोलायची सोय ठेवली नाही. बोट पडेल तेवढंच उमटायचं. बाकीचं आतल्या आत.

बाहत्तरच्या दुष्काळात सोसायटीत दूध येईनासं झालं. मग कारकून त्रिंबक माझ्यावर गावाचे अर्ज करत बसायचा. तालुक्याचे साहेब म्हणायचे, "अर्ज करावा तर त्रिंबकनं!" ते ऐकून मीही सुखावायचो.

एके दिवशी वस्तीवरची रतनबाई आली. म्हणाली, "आमच्या हिरीचं पानी मेलंय. तसं लिव्हा."

"म्हंजी आटलंय?"

"आटलं न्हाई. हाय की! पर मेलंय."

अर्जाच्या भाषेत असा शब्द नव्हता, म्हणून ती गोष्टच त्रिंबकच्या डोक्यात शिरली नाही. त्यानं टंकलं, 'विहिरीतील पाणी अपुरे आहे.' 'मेले' लिहायला लागणारी अक्षरं माझ्यापाशी होती. मी मात्र गप्प. रतनबाईला वाचता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला.

तालुक्याहून उत्तर आलं, ते वस्तीवर वाचून दाखवलं गेलं, 'पाणी अपुरे असल्याचे समजले. टँकर येईपर्यंत आहे ते पाणी जपून वापरावे.' वस्तीनं सांगितल्याप्रमाणे जपून वापरलं. दुसरं पाणी होतंच कुठं? आठवड्यात घराघरात जुलाब-वांत्या सुरू झाल्या. रतनबाईची धाकटी जाऊ शिवकन्या त्यात गेली.

दिवसकार्य उरकून रतनबाई पुन्हा आली. रडली नाही. एवढंच विचारलं, "माजं बोलनं कावून बदललं?"

"मावशी, हापिसात तसा शब्द चालत न्हाई."

"शब्द चालत न्हाई, म्हनून पानी चांगलं झालं का?"

त्रिंबकनं माझ्यात कोरा कागद चढवला. म्हणाला, "पानी मेलं, असं माजी आईबी म्हनायची. मी इसरूनच गेलतो. सांगा मावशी, कसं दिसतं?"

ती सांगत गेली. पाण्यावर हिरवट साय, नासक्या अंड्यासारखा वास, बेडकं उताणी; तहानलेली जनावरंही तोंड लावीनात. तिच्याच शब्दांत त्यानं टंकलं. वर लिहिलं, 'पाणी मेले आहे.'

तालुक्याचे साहेब तो शब्द वाचून आधी हसले म्हणे. मग खालचं वाचून डॉक्टरांना धाडलं. विहीर बंद झाली, तिसऱ्या दिवशी टँकर आला. आजारी माणसं उठली. शिवकन्या तेवढी उठली नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी केलं नाही तरी चालेल. पण कुणी आपल्या बोलीत काही सांगायला आलं, तर त्याचा शब्द घाईनं बदलू नका. कळला नाही, तर विचारा. आम्हा यंत्रांना विचारता येत नाही. तुम्हाला येतं.