चाकातली बाई

कोराडीच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकाच्या उताराआधी, त्या रविवारी सकाळी दोनशे माणसं जमली होती. मधोमध टॅक्सीवाल्या महादेवरावांची काळी अँबॅसिडर, हार घातलेली, दिव्यांना काजळ लावलेली. बायका चाकांना हळदकुंकू वाहत होत्या. वीजकेंद्राची राख डोळ्यांत जात होती, पण जागचं कुणी हलत नव्हतं.

सहा आठवडे ही टॅक्सी रडत होती. फाटकाच्या उतारावर आली की तिच्या चाकांतून बाईनं टाहो फोडावा तसा आवाज निघे. त्याच फाटकाशी मागे कोळशाच्या ट्रकखाली एक बाई गेली होती. लोकांना एवढं पुरलं. सवाऱ्या बसेनात, तेव्हा काजळीबाबाला बोलावणं गेलं.

"बाई चाकात अडकली हाय," बाबानं डोळे मिटून सांगितलं. "उपाशी मेली. तिले तेल पाजा, शांत होईन." मग त्यानं चारही चाकांच्या टोप्या काढल्या आणि आतल्या भोकांतून मंतरलेलं तेल ओतलं. ही शुक्रवारची गोष्ट. गाडी खरंच गप्प झाली, आणि बाबाचं नाव धरमपेठेपर्यंत पोचलं.

मी बसडेपोतला फिटर. चाकं उघडण्यात माझी बावीस वर्षं गेली. तेल ओतल्याचं ऐकलं आणि मी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेलो.

"महादेवराव, गाडी बरोबर थांबते का?" मी विचारलं.

"थांबते न गा, गोपाळराव. जराशी पुढं जाते. बाबा म्हणतात, बाईची ओढ सात दिवस राहते."

"आन् आज कुठं निघाले?"

त्यांनी मांडवाकडे बोट केलं. त्यांची लेक भागीरथा ओटीचा नारळ सांभाळत बसली होती. आठवा महिना. "हिले डॉक्टरीणबाईकडं नेऊन राहिलो, सीताबर्डीले. पहिली सवारी पोटुशीच पाहिजे, असं बाबानं सांगितलं."

खाली उताराच्या टोकाला फाटक बंद होत होतं. या भाबड्या माणसाचा रागही आला आणि दयाही.

"मंग बाबालेही सोबत बसवा," मी मोठ्यानं म्हणालो.

लोकांना ते फार पटलं. "बसा महाराज, बसा." बाबानं चिमटा वाजवला. "आम्ही वाहनात बसत नाही. आमचं आसन जमिनीवर."

भागीरथा हळूच उठली. "परवा तर तुम्ही ह्याच गाडीत बसून आले, महाराज. तेव्हा ते रडून राहिली होती. आता शांत झाली, तं काहून नाही बसत?"

बाबा आकाशाकडे पाहू लागला.

मी वरच्या सपाट रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. "लेकीले बसवण्याआधी एकदा रिकामी चालवा. हळूच. रेघेवर थांबवा, बस."

महादेवराव निघाले. रेघेवर त्यांनी पाय दाबला, दाबून धरला. गाडी थांबली नाही. कसलाही आवाज न करता ती पुढे जात राहिली, आणि त्या शांततेचीच मला भीती वाटली. पुढे मांडवाचा बांबू मोडला, बाबाचं रिकामं आसन चाकाखाली गेलं, आणि मग कुठे ती उभी राहिली. त्याच वेळी खालून कोळशाची मालगाडी फाटक हादरवत गेली. सगळ्यांनी उताराकडे पाहिलं. महादेवराव बराच वेळ स्टिअरिंग सोडेनात.

मी जॅक लावला, चाक उतरवलं, ड्रम काढला. आत तेलाचा काळा चिखल. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं ब्रेकचं लायनर संपलं होतं आणि त्याला धरून ठेवणाऱ्या खिळ्यांनी ड्रमवर चरे पाडले होते. लोखंडावर लोखंड घासलं की किंचाळी निघते. उतारावरच का निघे? कारण तिथे प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक जोरात दाबून धरतो. तेलानं ती किंचाळी बंद झाली आणि उरलासुरला ब्रेकही गेला. बाबा पूर्वी कामठीच्या एका गॅरेजात गाड्या धूत असे, हे नंतर कळलं. तेलाचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आम्ही चाकावर वाकलो होतो तेवढ्यात तो पसार झाला.

"सहा हप्ते गाडी सांगून राहिली होती," महादेवराव म्हणाले. "मी तिचं तोंड दाबलं."

भागीरथा त्या दिवशी बसनं गेली. लायनर आणि ड्रम बदलल्यावर आठवड्यानं ती त्याच गाडीत पुढे बसली, आणि उतारावर वडिलांनी ब्रेक दाबला तेव्हा आधाराला काही धरायला तिनं पोटावरचा हात काढला नाही.

माझं सांगणं एवढंच. लायनर जाड नखाएवढं उरलं की बदला, किंचाळीची वाट पाहू नका. आणि किंचाळी आलीच, तर नारळ फोडण्याआधी चाक उघडा.