वर्लीनचा काळाकुळकुळीत पॅन

शनिवारी सकाळी गुरांचं पाणी बघून घरात आलो, तर वर्लीन सिंकपाशी उभी होती. हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात, आणि फेसात तिचा रोल भाजायचा स्टोनवेअरचा पॅन!

माझ्या बायकोला ओळखणारा कुणीही तिथेच चक्कर येऊन पडला असता. भाजक्या मातीचा, बिनझिलईचा पॅन साबण पितो आणि पुढच्या पदार्थात ओकतो. नुसतं गरम पाणी आणि खरवडणी, बस्स. वीस वर्षं तिने हे चर्चमधल्या बायकांना ऐकवलंय. एका जेवणानंतर पाद्रीणबाई तिचा पॅन साबणाच्या पाण्याकडे नेत होत्या, तर हिने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. असा पॅन जितका काळा तितका मुरलेला, म्हणून वापरून काळाकुळकुळीत झालेल्या त्या पॅनचा तिला भारी तोरा.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"बघ ना, चर्चच्या जेवणात कुणीतरी पॅनची अदलाबदल केली. शी! इतकी कळकट भांडी ठेवतात बायका? तासभर घासतेय मी."

"अगं, तुझाच आहे तो."

"माझा? एल्डन, डोळे तपासून घे बाबा!"

ती हसली. मीही हसलो, का ते माहीत नाही. माझी फिरकी घेतेय का? तशी ती घेते. सकाळीच तिने मला गुरांच्या डॉक्टरच्या तारखेची आठवण करून दिली होती, तीही वारासकट. मग हे काय?

हा खरंच दुसऱ्या कुणाचा असेल आणि आमचा घरातच असेल, या आशेने मी कपाटं उघडून पाहिली. दुसरा पॅन नव्हता. सिंकमधला उलटा केला, तर कोपऱ्याचा टवका दिसला. तो मीच उडवला होता आणि त्यावरून वर्षभर टोमणे खाल्ले होते. म्हणजे आमचाच. मी तो होता तसा परत ठेवला.

दुपारी तिने त्यातच दालचिनीचे रोल भाजले. पहिला घास तोंडात घेतला, थबकली आणि हातावर थुंकली.

"एल्डन! या पॅनला साबण कुणी लावला?"

ती खरोखर संतापली होती. घरात आम्ही दोघंच. सिंकच्या कडेला सकाळच्या फेसाचे डाग अजून होते.

"मी," म्हणालो.

"तू? इतकी वर्षं घसा फोडतेय मी! साबण नाही म्हणजे नाही. गरम पाणी, खरवडणी, चिकटलंच तर खायच्या सोड्याचा लेप. आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नाही! डोक्यात शिरत कसं नाही तुझ्या?"

मी मान खाली घालून ऐकत होतो. तिचा एक शब्द चुकत नव्हता. मला रडू आवरेना. बोलणं लागलं असं तिला वाटलं. जवळ येऊन तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं, बरं. इतकं मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "विसरतो माणूस."