मास्तरांची चूक

“वळण उशिरा घेतलं, दुसरं काय!” ढोल्याने चहाची बशी हवेत तिरकी करून दाखवली. “मी असतो तर कितीतरी अलीकडेच विमानाचं नाक वर काढलं असतं.”

“छे! चष्मा. किती वेळा सांगितलं होतं, नंबर वाढलाय म्हणून,” टकल्या म्हणाला.

हँगरमध्ये नुसता कल्ला चालला होता. शेतांवर औषध फवारणारे हे वैमानिक. काल त्यांच्यातले मास्तर विजेच्या तारेत अडकून कोसळले, जागीच गेले, आणि आज सगळे त्यांची चूक शोधायला कंबर कसून बसले होते. चूक सापडली की ती आपण करायची नाही, म्हणजे आपण सुटलो! त्यांच्यातल्या चिमणीला हे कळत होतं, कारण तीही कालपासून तेच शोधत होती. मास्तरांनीच तिला उडायला शिकवलं, चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलं.

तेवढ्यात मास्तरांची बायको दारात उभी दिसली. त्यांचं जाकीट न्यायला आली होती. ढोल्याने बशी खाली ठेवली.

“बोला की,” वहिनी म्हणाल्या. “चुकले असतील तर चुकले म्हणा. मला एकदा कळू दे.”

चिमणी उठली. “मास्तरांचं अर्धं शेत फवारायचं राहिलंय. वेळही कालचीच आहे. मी जाऊन येते, वहिनी, मग सांगते.”

“वेड लागलंय का तुला?” ढोल्या ओरडला, पण ती हेल्मेट चढवून निघालीही होती.

विमान पिकावर खाली आलं तसं तिच्या अंगात वारं भरलं. शेंडे चाकांखालून सपासप पळत होते, आणि एवढ्या दुःखातही तिला उडायची मजा वाटली. त्याची लाजही वाटली नाही. तारेजवळचा बांध यायच्या बऱ्याच आधी तिने भीतीपोटी नाक उचललं, वळली, आणि सूर्य धाडकन डोळ्यांत घुसला. तार कुठे आहे हे तिला पाठ होतं. सकाळीच ती पुन्हा जोडली होती. डोळे फाडून पाहिलं तरी दिसेना. दिसली ती थेट विमानाच्या पोटाखालून जाताना! ती किंचाळली, हसली, रडली, सगळं एका दमात.

ती परतली तेव्हा कोणी जागचं हललं नव्हतं.

“दिसतच नाही, वहिनी! ठाऊक असूनही दिसत नाही! मास्तरांची काही चूक नव्हती. ढोल्या, खरं सांग, तू नाक कुठे उचलतोस? बांधावरच ना? आपण सगळेच तिथे उचलतो. आज मी घाबरून आधीच उचललं, म्हणून वाचले. काल तू असतास, मी असते, तरी हेच झालं असतं.”

वहिनींनी तिचा हात घट्ट धरला. “बरं झालं सांगितलंस,” एवढंच म्हणाल्या आणि जाकीट घेऊन ताठ मानेने निघून गेल्या.

बाकी कोणाला मात्र बरं वाटलं नाही. थोड्या वेळाने ढोल्या उठून बाहेर गेला, मागोमाग टकल्या. कुंपणाशी दोघे अंतर ठेवून उभे राहिले, फोन कानाला लावून.

“काही नाही गं,” ढोल्या बायकोला सांगत होता, “सहजच केला.”